दोऱ्याचं वांगं

किसनरावांनी पहाटे गार पाण्यानं अंघोळ केली, ओल्या धोतरानिशीच विहिरीजवळच्या वाडीत गेले आणि तांबडा दोरा बांधलेल्या पाच झाडांची वांगी तोडून आणली. टोपली देवापुढे ठेवताना त्यांचे दात वाजत होते. वच्छलाबाईंनी लेकाकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे यजमान नानाजी गेल्यापासून त्या हेच करत आल्या होत्या.

वांगी काळीभोर, तुकतुकीत, नजर लागावी अशी होती. पण वांग्याचं रूप आणि जावयाचं गोड बोलणं, दोन्हींवर विसंबू नये, असं नानाजी म्हणायचे.

आषाढी एकादशीपासून या घरात वांगं शिजत नसे. मार्गशीर्षात खंडोबाचे घट बसत, सहाव्या दिवशी चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होई, कुळातले पाच पुरुष तळी उचलत, आणि मगच घरातल्या तोंडांना वांगं मोकळं होई. देवाला मात्र कोणत्याही झाडाचं वांगं चालत नसे. कार्तिक उतरता उतरता नानाजी वाडीत पाच झाडं निवडून त्यांना तांबडा दोरा बांधत. ती देवाची झाडं. कशी निवडत, हे त्यांना कोणी विचारलं नाही. म्हाताऱ्याला दृष्टांत होतो, असं सगळं आंजी गाव म्हणायचं, आणि म्हातारा मिशीत हसायचा.

ते गेल्यावर किसनराव दोरे बांधू लागले. एक दिवस उपास, अंघोळ, देवाचं नाव, आणि डोळ्यांत भरतील ती पाच झाडं. दोन्ही वर्षं भरीत कडू निघालं. कडू म्हणजे कारल्यानं हात जोडावेत इतकं. प्रसाद म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून गिळलं. गेल्या वर्षी तर खंडोबाच्या नावानं कुत्र्याला पहिला घास टाकला, तो त्यानं हुंगला आणि शेपूट खाली घालून निघून गेला. त्या दिवशी किसनराव जेवले नाहीत.

"देव कोपला हाये, माय," ते म्हणाले होते. "आपल्या घरात देवाच्या आधी वांगं खाल्लं गेलं. थे फेडल्याशिवाय तो गोड होत नाई."

खाल्लं कोणी, तर खुद्द नानाजींनी. चारलं कोणी, तर धाकट्या सुनेनं, कांतानं. तीन वर्षांपूर्वी कार्तिकात किसनराव कापसाची गाडी घेऊन वर्ध्याला गेले होते. गाडी बाजारात लावून दुपारी धाकट्या भावाकडे, प्रभाकररावांकडे डोकावले. प्रभाकरराव कचेरीत. आणि स्वयंपाकघरात बाप पाटावर बसून भरीत-भाकर खातोय, कांता वाढतेय. नानाजींनी मोठ्या मुलाकडे पाहून एवढंच म्हटलं, "किसन, तोंड बंद." किसनरावांनी ते बंद ठेवलं. पण पौषात नानाजी बसल्या जागी गेले, आणि तेरवीच्या दिवशी, चार पाहुण्यांदेखत, ते तोंड उघडलं. दुकानदाराच्या घरची पोरगी, तिला देवाचं काय कळणार, असं म्हणून झालं, आणि पुढं असंही म्हणून झालं की म्हातारा तिच्या हातच्या वांग्यानं गेला. प्रभाकरराव त्याच पावली बायकोला घेऊन वर्ध्याला परतले. चंपाषष्ठीला त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

दोन वर्षं पाचवा हात चुलत काका सदाशिवरावांनी लावला. यंदा ते अंथरुणाला खिळलेले. उरले किसनराव, त्यांचा वर्ध्याला कॉलेजात शिकणारा मुलगा ओमप्रकाश, आणि चुलतभाऊ बंडूजी न् रूपराव. चौघांनी तळी उचलायची नसते. किसनराव आठ दिवस तळमळले आणि शेवटी बंडूजींना म्हणाले, "प्रभाकरले सांग, तळीपुरता ये. एकटा ये."

बंडूजी निघाले तेव्हा वच्छलाबाईंनी त्यांना गोठ्याआड गाठलं. "बंडू, एकटा नोको म्हनू. दोघाइले माह्या नावानं बोलाव. आन किसनले सांगजो नोको."

"काकू, माह्या पाठीची सालटी निघन."

"निघू दे. हिवाळ्याची नवी येते."

* * *

दहाच्या यष्टीनं दोघंही आले. पुढं प्रभाकरराव, मागं डोक्यावरचा पदर सावरत कांता. हातात पिशवी, पायांत वहाणा, डोळे जमिनीवर. वच्छलाबाईंना वाटलं, पोरगी वाळली. तीन वर्षांत एकदाही तिला नीट पाहिलं नव्हतं आपण. लग्नात भेटावं तेवढंच.

किसनराव ओसरीवरून उठले नाहीत. "मी एकट्याले बोलावलं होतं."

"मले मायनं बोलावलं," प्रभाकरराव अंगणातूनच म्हणाले. "दोघाइले."

किसनरावांनी बंडूजींकडे पाहिलं. बंडूजींना अचानक गोठ्यातल्या बैलाची फार काळजी वाटू लागली आणि ते तिकडे गेले.

"ठीक हाये. आले तं आले. तू तळीले हात लाव. पन तिनं चुलीपाशी जाचं नाई, नैवेद्याले शिवाचं नाई. इथी ओसरीवर बसाव."

"मंग मीबी इथीच बसतो, दादा. तिनं रोडग्याले हात लावला तं मी तळीले लावीन. नाई तं चारच्या यष्टीनं वापस."

"देवाच्या कामात अट घालतं?"

"पहिली अट कोनं घातली?"

आतून थोरली सून अनुसयाबाई हाताला पीठ तसंच ठेवून बाहेर आल्या. तेरवीच्या दिवशी त्या नवऱ्याच्या बाजूनं तावातावानं बोलल्या होत्या, हे सगळ्यांना आठवत होतं. त्यांनाही आठवत असावं, कारण त्यांनी कांताकडे न पाहता खांबाकडे पाहून सांगितलं, "दीड पायलीचे रोडगे हायेत. मी एकटीनं थापू का? दोन वर्सं थापले, कंबर मोडली. देवाले चालत नसन तं देवानं येऊन थापाव."

"तू मधात बोलू नोको."

"मी कुठी बोलून राह्यली? मी रोडग्याचं सांगून राह्यली."

ओमप्रकाशला हसू आवरलं नाही. बापानं त्याच्याकडे डोळे वटारले, आणि पोराला काय झालं कोण जाणे, बहुधा वर्ध्याची हवा, तो म्हणाला, "बाबा, काकूच्या हातचं मी दर आयतवारी खातो. मले तं आजवर काई झालं नाई."

किसनराव पोराकडे पुरते वळले.

"दर आयतवारी?" किसनराव म्हणाले.

"मेसची भाजी पानचट राह्यते."

अनुसयाबाई पोराकडे पाहतच राहिल्या. आपला मुलगा दर रविवारी कुणाच्या हातचं जेवतो हे आईला माहीत नसावं, हे त्यांना लागलंही असेल, पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही आलं. त्या कांताकडे वळल्या. "चाल व. परसात गोवऱ्या पेटल्या हायेत. वांगे तू भाज. रोडगे मी पाह्यतो."

"अनुसया!"

"भाजनं म्हंजे शिजवनं नाई," अनुसयाबाईंनी ठणकावलं आणि आत गेल्या. हा नियम कुठल्या पोथीत होता ते त्यांनाच माहीत, पण किसनराव तो आठवून पाहू लागले. तेवढ्या वेळात कांता आत गेलीही.

* * *

परसात गोवऱ्यांशेजारी तुराट्यांचा जाळ होता. वच्छलाबाई पाटावर बसून कांद्याची पात चिरत होत्या. कांतानं टोपली पुढे ओढली. एक वांगं उचललं, देठाशी अंगठा दाबून पाहिला, वास घेतला, ठेवलं. दुसरं उचललं. पाचही झाडांची वांगी तिनं अशी हाताळली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"आत्याबाई, यंदा झाडं कोनं निवडले?"

"किसननं. काऊन?"

"काई नाई."

वच्छलाबाईंचा विळीवरचा हात थांबला. काही नाही म्हणणाऱ्या बाईच्या पोटात काय असतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. तीन वर्षं त्यांच्याही पोटात एक 'काही नाही' होतं.

त्या या घरात नवीन होत्या तेव्हाची गोष्ट. कार्तिकातल्या एका दुपारी न्याहारी घेऊन वाडीत गेल्या, तर विहिरीआड धूर. नवरा उकिडवा बसलेला, पुढ्यात काट्याकुट्यांचा जाळ, त्यात वांगी, आणि मिशीला राख. सासऱ्यानं पाहिलं असतं तर घराबाहेर काढलं असतं. त्या किंचाळल्याच होत्या. नानाजींनी तोंडावर बोट ठेवलं आणि पदराला धरून बसवलं.

"अवं, पाहुन्याले जेवाले बोलावलं तं घरच्यानं आधी मीठ चाखून पाह्याव का नाई? एकाच वाडीत एक झाड गोड निंगते, एक कडू. वरून कळत नाई. देवाले कडू वाढू का?"

"पाप लागते ना!"

"लागू दे. मले लागन, त्याच्या तोंडात तं गोड जाईन."

चाळीस वर्षं नानाजींनी हे पाप केलं. प्रत्येक झाडाचं एकेक वांगं भाजून चाखायचं, गोड निघेल त्याला दोरा. दृष्टांत-बिष्टांत काही नव्हता, मिशीला लागलेली राख होती. ती पुसायला वच्छलाबाई पदर पुढे करत. नवरा-बायकोत पुष्कळ गोष्टी असतात, त्यातली ही त्यांना सगळ्यात जवळची होती.

तेरवीच्या दिवशी किसन बोलला तेव्हा एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण चिता थंड होऊन बारा दिवस झाले होते. गाव ज्याला देवमाणूस म्हणत होतं तो देवाआधी खायचा, हे बायकोनंच सांगायचं? त्यांनी नवऱ्याचं नाव झाकलं आणि सुनेचं उघडं पडू दिलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत तीन वर्षं गेली. रोज देवापुढे दिवा लावताना त्यांना त्याची लाज वाटे, आणि दिवा लावून झाला की कामं असत.

वांग्यांची सालं तडतडली. कांता ती उलटी करत होती. धुरानं असेल किंवा कशानं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

* * *

देवापुढे पाटावर पाण्यानं भरलेला तांब्या, त्यावर ताम्हन, त्यात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याचे तुकडे आणि भंडारा. पुरुष टोप्या घालून भोवती बसले. चारच. प्रभाकरराव दाराच्या चौकटीला टेकून उभे. शेजारी भाजलेल्या वांग्यांची परात, अजून कुस्करायची होती. नैवेद्याचे रोडगे अनुसयाबाईंनी आणून ठेवले. कांता दाराबाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे.

"ये, प्रभाकर," किसनराव म्हणाले. आवाज सकाळपेक्षा उतरला होता. "वांगे भाजले तिनं, मी काई म्हटलं का? आता ये."

"तिले आत बोलाव."

"थे होनार नाई. देव दोन वर्सं कडू हाये बा. मले घाबरवत जाऊ नोको."

किसनरावांचा आवाज फाटला. तेव्हा वच्छलाबाईंना एकदम दिसलं की हा माणूस रागावलेला नाही, भ्यालेला आहे. चाळिशी उलटलेला आपला मुलगा तीन वर्षं देवाला घाबरून जगतोय. शिक्षा एका सुनेलाच झाली असं त्या समजत होत्या. दोघांना झाली होती.

त्या उठल्या. परातीशी गेल्या. एका वांग्याची साल बोटानं बाजूला केली, आतला वाफाळता गर काढला, आणि सगळ्यांदेखत, देवादेखत, तोंडात घातला.

"माय!" किसनराव अर्धे उठले. बंडूजींनी कानाला हात लावले. रूपराव, जे वर्षाकाठी चार वाक्यं बोलत, "अरे देवा" म्हणाले.

वच्छलाबाईंनी तोंड वाकडं केलं, गिळलं, दुसऱ्या वांग्याचा घास घेतला. तिसऱ्याचा. पाचवा घास झाल्यावर पदरानं ओठ पुसले.

"कडू. पाचही कडू. किसन, तुहे दोरे चुकले बा."

"तू देवाच्या आधी..."

"तुहा बाप चाळीस वर्सं खायचा. बस खाली. बस म्हनते ना!"

किसनराव बसले. आणि वच्छलाबाईंनी उभ्यानंच सांगितलं. विहिरीआडचा धूर, काट्याकुट्यांचा जाळ, मिशीची राख, पाहुण्याच्या पानातलं मीठ. "मले समदं माईत होतं. तेरवीच्या दिवशीबी माईत होतं. मी बोलली नाई. तुह्या बापाचं नाव ठेवलं आन या पोरीचं घालवलं. देव कोपला असन तं माह्यावर कोपाव."

किसनरावांनी समईची वात उगाच सारखी केली.

"तू आता सांगून राह्यली," किसनराव म्हणाले. ते रागानं नव्हे, हट्टी पोरासारखे बोलत होते. "तिले वाचवाले सांगत असशीन. नानाजी वाडीत चाखत असतीन. पन वर्ध्यात काऊन खाल्लं? थे कुठलं चाखनं? पाटावर बसून, भाकरीसंगं?"

वर्ध्याला काय झालं ते वच्छलाबाईंनाही ठाऊक नव्हतं.

उत्तर उंबऱ्याबाहेरून आलं. कांता भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, कधी बोलली नव्हती, आताही तिनं पाठ वळवली आणि भिंतीशी बोलल्यासारखी बोलली. "आत्याबाई, मामाजीनं मले शप्पथ घातली होती. कोनाले सांगजो नोको म्हने. यायलेबी सांगतलं नाई मी." प्रभाकररावांनी चमकून बायकोकडे पाहिलं. "पन तुम्हाले माईत हाये तं आता सांगतो. वांगे मामाजीनंच आनले होते. पिशवीत. एकेकाच्या देठाले सुतळी, कोनत्या झाडाचं थे कळाव म्हून, कोनाले एक गाठ, कोनाले दोन, असे बारा."

"वर्ध्याले काऊन आनले?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"त्यायच्या तोंडाची चव गेली होती. दसऱ्यापासून. गोड-कडू काईच कळत नोव्हतं. तुम्ही घाबरसान म्हून तुम्हालेबी सांगतलं नाई. म्हने, पोरी, माही जीभ मेली, देवाले कडू जाईन. तू चाख. मी बाराही भाजले आन चाखले. पाच गोड निंगाले, त्याच्या गाठी त्यायनं मोजून घेतल्या."

"आन मंग भरीत?"

"त्या पाचाइचंच केलं. मी म्हटलं, मामाजी, तुम्हाले तं चव लागत नाई. त्यायनं म्हटलं, तुह्या तोंडाकडे पाहून खातो, तुह्या तोंडावर गोड दिसते." कांता हळूच म्हणाली, "तेवढ्यात भासरेजी आले."

वच्छलाबाई परातीशी खाली बसल्या. चाळीस वर्षांची आपल्या दोघांची गोष्ट म्हातारा जाता जाता या पोरीच्या ओटीत घालून गेला होता. क्षणभर त्यांना तिचा चक्क हेवा वाटला. दुसऱ्या क्षणी हेही कळलं की एकाच माणसाचं एकच गुपित दोन बायकांनी दोन गावांत बसून राखलं, आणि एकीनं त्यापायी शिव्या खाल्ल्या.

"त्या वर्सीचं भरीत..." बंडूजी स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "किसनदादा, आठवते का? तू म्हटलं होतं, असं भरीत जन्मात खाल्लं नाई. तीनदा घेतलं होतं."

किसनरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. तिच्याकडे पाहत राहिले. मग उठले, कोणाकडे न पाहता मागच्या दारानं गेले. वाडीकडे.

"आता काय?" प्रभाकरराव म्हणाले.

"आता वाट पाह्याची," अनुसयाबाई म्हणाल्या. "मानूस चुकला का त्याले वाडीतच जा लागते. याच्या बापाचंबी तसंच होतं."

अर्ध्या तासानं किसनराव टोपली भरून घेऊन आले. प्रत्येक वांग्याच्या देठाला सुतळी, एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. घाईत मारलेल्या, वेड्यावाकड्या. टोपली त्यांनी परसातल्या जाळाशी ठेवली आणि आईला म्हणाले, "माय, तिले म्हन, चाखून पाह्य."

वच्छलाबाईंनी म्हणायची गरज नव्हती, कांता तिथंच उभी होती. पण रीत ती रीत. "चाखून पाह्य व," त्या म्हणाल्या.

कांतानं वांगी भाजली. प्रत्येकाचा चिमटीभर गर जिभेवर ठेवला, मध्ये पाण्याची चूळ भरली. कडू निघालं ते मुकाट्यानं बाजूला. घरातले सगळे, टोप्या घातलेले पुरुषसुद्धा, तिच्या तोंडाकडे पाहत होते. चौथ्या वांग्याला तिचा चेहरा सैल झाला, आणि ओमप्रकाश ओरडला, "गोड!"

* * *

गोड निघालेल्या झाडांची वांगी तोडून नवं भरीत झालं, आणि ऊन कलल्यावर तळी उचलली. पाच हात ताम्हनाला लागले आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' असा गजर झाला, रूपरावांचा आवाज सगळ्यांत मोठा. वर्षाच्या चार वाक्यांतली बाकी त्यांनी तिथंच संपवली असावी. ताम्हन तीनदा वर गेलं, भंडारा उधळला. चारची यष्टी केव्हाच गेली होती, कोणाला तिची आठवण झाली नाही.

पहिला घास कुत्र्याला. किसनरावांनी स्वतः अंगणात नेऊन ठेवला आणि दोन पावलं मागं सरून उभे राहिले. कुत्र्यानं हुंगलं. किसनरावांनी श्वास धरला असावा, कारण पाठ ताठ दिसत होती. कुत्र्यानं घास खाल्ला, दगड चाटला, आणि आणखी कुठं आहे का म्हणून त्यांच्या पायाशी घोटाळू लागला.

किसनराव वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते लपवायचं त्यांनी मनावर घेतलं नाही. देवाजवळच्या कोनाड्यातून तांबड्या दोऱ्याचं रीळ काढलं. पंगतीत वाढत असलेल्या कांतापुढे ते उभे राहिले. या घरात आल्यापासून पहिल्यांदा, आईला मध्ये न घेता, तिच्याशीच बोलले.

"पुढच्या कार्तिकात येजो. यष्टीवर गाडी धाडतो." रीळ त्यांनी उंबऱ्यावर ठेवलं, कारण भासऱ्यानं हातात द्यायचं नसतं. "आन माह्याकडून... तेरवीच्या दिवशी..."

पुढचं त्यांना जमलं नाही. कांतानं पदर पुढे ओढला, खाली वाकली आणि रीळ उचलून ओटीत घातलं.

वच्छलाबाईंनी पहिला घास तोंडात घातला. गोड होता. जिभेवर तो तसाच थोडा वेळ ठेवून त्या बसल्या, आपल्या आणि नानाजींच्या, दोघांच्या वाटचा. मग गिळला, आणि पंगतभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मीठ कमी हाये व, कांता. घेऊन ये."